मराठीतून सांगायचं काम

स्कोफिल्ड्स, सिडनी
९ मार्च २०२५

ती. सौ. विमलताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तुझ्या सुनेने, मयूराने, फोटो काढून पाठवलं, ते पोचलं. कान गेले तरी तुझं अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं आहे. व्हिडिओवर तू नुसती हसतेस आणि मी नुसता हात हलवतो, त्यापेक्षा हे बरं. मीही वहीचा कागद फाडून लिहितोय, स्वरदा फोटो काढून देईल. तिचं म्हणणं, बाबा सरळ टाइप का करत नाहीत. तिला सांगितलं, टाइप केलेल्या पत्रात ताईला माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढायला मजा येणार नाही.

बातमी अशी, की माझी तारीख ठरली. ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी मी निवृत्त. कराडहून मोठी डिग्री घ्यायला आलेला मुलगा युनिव्हर्सिटी अर्धवट टाकून इथल्या पोलिसात शिरला म्हणून अप्पा वर्षभर माझ्याशी बोलले नव्हते, तुला आठवत असेल. आता ते असते तर निवृत्तीच्या दिवशी तरी बोलले असते असं वाटतं. सार्जंटच्या पुढे गेलो नाही, पण नोकरीवर डाग नाही.

युनियनची सध्या धमाल चालू आहे. पगाराचं भांडण मिटलं, आता माणसं कमी पडतात यावरून जुंपलीय. केरी नावाची बाई आमची प्रतिनिधी आहे, आवाज तुझ्या सासूबाईंसारखा. तिने मीटिंगमध्ये सांगितलं की नवे येतात त्याहून जास्त जुने जातायत, आणि जाणाऱ्यांतले बरेचसे वय झालं म्हणून जात नाहीत, आजारी होऊन जातात. ताप-खोकल्याचे आजार नव्हेत, डोक्याचे. मी मागच्या रांगेत सँडविच खात बसलो होतो.

माझा जुना जोडीदार वॉरन गेल्या आठवड्यात निवृत्त झाला. आमच्याकडे शेवटच्या शिफ्टला कंट्रोलरूम त्या माणसाला वायरलेसवर एकदा नावाने हाक मारते आणि मग एकेक गाडी त्याला सलाम सांगते. वॉरनसारखा दांडगा माणूस, पण माइक हातात धरून नुसता बसला. मी मला असलं काही नको म्हणून आधीच सांगून ठेवलंय. आमच्या मराठी मंडळाच्या लताबाई शाल-श्रीफळ घेऊन मागे लागल्या आहेत, त्यांनाही नाही म्हटलं.

बाकी मजेत. सुट्टीच्या दिवशी गॅरेज आवरलं. खोक्यांवर नावं टाकली, चाव्यांना चिठ्ठ्या बांधल्या. विनीताला गवत कापायचं मशीन चालू करायला शिकवलं, कुठलं बिल कुठे भरायचं तेही दाखवलं. आता तिचं माझ्यावाचून अडणार नाही.

दाजींना नमस्कार, मयूराला आशीर्वाद. माया आहे तेवढी पुरे, फार वाढवू नकोस, वजन वाढतं.

तुझा,
चंदू


कराड
२१ मार्च २०२५

चि. चंद्रहास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत. आता नोकरी सुटली की रोज एक पान शुद्धलेखन पाठवत जा.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. पोलिसांची युनियन ऐकून हे इतके हसले की खोकल्याची उबळ आली. यांच्या वेळी चार शिपाई टपरीवर चहाला एकत्र उभे राहिले तरी साहेब विचारायचा, कसली मीटिंग चाललीय म्हणून. आणि तुमची बाई सरकारशी भांडते! यांनी विचारलंय, तिची बदली कुठे झाली ते कळव.

सत्काराला नाही म्हणू नकोस. यांना निवृत्तीला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. तेव्हा मलाही वाटलं होतं, काय करायचंय हे. पण पुढचे कित्येक महिने हे सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात खुर्ची टाकून बसायचे. ठाण्यातून कुणी बोलवायला येईल असं वाटायचं बहुतेक. येणाऱ्याजाणाऱ्याने त्या सत्काराचं नाव काढलं की तेवढ्यापुरता चेहरा उजळायचा. लोकांनी आपल्याला निरोप दिला हे माणसाला कळायला लागतं.

दोन गोष्टी खटकल्या त्या लिहिते. मयूराचा भाऊ विक्रांत तुमच्याकडे केलीव्हिलला राहतो. तू त्याच्या घरी गेलास, दारात उभ्या उभ्या बोललास आणि पाणीसुद्धा न घेता निघालास. त्याच्या बायकोला फार लागलं. तिने चहा टाकला होता. एवढा कसला साहेब झालास?

दुसरी गोष्ट गॅरेजची. तू जन्माचा पसारेवाला. तुझं दप्तर कॉलेजपर्यंत मी भरलंय. तुला आवराआवर कुठून सुचली? आणि विनीताचं तुझ्यावाचून अडणार नाही, हे वाक्य मी परत परत वाचलं. निवृत्त माणूस घरात येतो, घरातून जात नाही. असलं काही लिहायचं नाही.

विनीता आणि स्वरदाला आशीर्वाद. पत्राला वेळ लावलास तर पुढच्या पत्रात तुझ्या शाळेतल्या गोष्टी लिहीन आणि त्या स्वरदाला वाचून दाखवायला सांगेन.

तुझी,
विमलताई


स्कोफिल्ड्स
१८ मे २०२५

ती. सौ. ताईंना,
सा. न. वि. वि.

मी तुम्हाला वेगळं पत्र कधी लिहिलं नाही, म्हणून आधी माफी मागते. हे मी ऑफिसात डब्याच्या वेळेत लिहिलंय आणि माझ्या फोनवरून मयूराला पाठवतेय. चंद्रहासला यातलं काही माहीत नाही.

वॉरन गेला. चंद्रहासने तुम्हाला त्याच्या निरोपाचं लिहिलं होतं ना, तोच. निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. त्याने स्वतःच जीव दिला. अधिक लिहीत नाही.

आम्ही अंत्यविधीला गेलो. नंतर चर्चच्या पायऱ्यांवर त्याची बायको जूडी माझ्याजवळ येऊन बसली. ती म्हणाली, शेवटच्या महिन्यात तो किती छान वागत होता. शेड आवरली, चाव्यांवर नावं लावली, तिला बिलं भरायला शिकवलं. तिला वाटलं होतं, आता हा माणूस घरात रमणार. ताई, मी तिचा हात धरून बसले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचं गॅरेज होतं.

युनियनचं मासिक येतं. पुढे निवृत्त झालेल्यांचे फोटो असतात, शेवटी गेलेल्यांची नावं. वॉरनचा फोटो एप्रिलच्या अंकात होता, आता नाव मागच्या पानावर येईल.

तिथेच केरी भेटली. तिने मला विचारलं की चंद्रहास घरी कामाबद्दल काय सांगतो. मी म्हटलं, काहीच नाही, गाडी फिरवतो, कागद भरतो. तेव्हा तिने सांगितलं. इथे कुणाच्या मृत्यूची बातमी फोनवर द्यायची नसते. पोलिसाने घरी जाऊन, दारात उभं राहून सांगायची असते. ब्लॅकटाउनपासून केलीव्हिलपर्यंत कुठल्याही भारतीय घरात अशी बातमी द्यायची असली की चंद्रहासला बोलावतात, कारण त्याला मराठी आणि हिंदी दोन्ही येतं. त्याची स्वतःची शिफ्ट नसली तरी. वर्षानुवर्षं. मला वाटायचं ओव्हरटाइम आहे.

आता कितीतरी गोष्टी जुळतायत. मंडळाच्या कार्यक्रमात काही बायका आम्हाला बघून बाजूला होतात. मला वाटायचं, पोलीस म्हणून बिचकतात. किराणा दुकान पाच मिनिटांवर असताना तो वळसा घालून जातो. मी त्याला चिडवायचे की पेट्रोल तुझ्या सासऱ्याचं आहे का. स्वरदा तर म्हणते, बाबा इथे राहत नाहीत, फक्त गाडी पार्क करतात.

मी त्याला सरळ विचारलं. तो हसला. म्हणाला, थोडेच दिवस राहिलेत, पुरे करू दे. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो फार शांत आहे ताई, त्याचीच भीती वाटते.

केरी म्हणते, त्याने स्वतः आजारी आहे म्हणून सांगायला हवं, आणि तो सांगणार नाही. किंवा मी फोन करायचा. मी फोन केला तर त्याच दिवशी त्याचं पिस्तूल काढून घेतील, डॉक्टरकडे नेतील, आणि तो परत ड्यूटीवर जाणार नाही. आजारी म्हणून नोकरीतून बाहेर. निरोप नाही, काही नाही. एवढ्या वर्षांची नोकरी मी एका फोनने संपवायची. तो मला कधी माफ करणार नाही.

सासूबाई गेल्यापासून तुम्हीच त्याला आईच्या जागी आहात. सांगा, मी फोन करू का?

तुमच्या उत्तराची वाट बघतेय. मला तुमची समजा.

विनीता


कराड
१९ मे २०२५

चि. सौ. विनीतास,
अ. उ. आ.

कर. हे पत्र वाचून खाली ठेवायच्या आधी कर.

विचारायला थांबलीस हे चुकलंच, पण आता ते दोघींचं मिळून झालं, हे बरं झालं. त्याला सांग, ताईने करायला लावलं. शिव्या मला पडू देत. मला तसंही ऐकू येत नाही.

मी पोलीस लायनीत संसार केला. तिथे बायका लग्न होऊन आल्या की पहिल्यांदा एकच गोष्ट शिकतात, नवऱ्याच्या नोकरीला धक्का लागू द्यायचा नाही. घरात काही का होईना, साहेबापर्यंत जाता कामा नये. यांनी कधी दिवसभर तोंड उघडलं नाही तरी आम्ही बाहेर सांगायचो, पित्त झालंय. तू हे शिकू नकोस. नोकरी जाऊ दे. माणूस धर.

हे बाहेर ओट्यावर बसलेत. यांना अजून सांगितलं नाही. सांगेन.

फोन झाला की मयूराला नुसतं ‘झालं’ एवढं लिही. तोवर मी देवापाशी बसते.

तुझी,
विमलताई


स्कोफिल्ड्स
२६ मे २०२५

सौ. विमल यांस,
स. न. वि. वि.

मंगळवारी शिफ्टला गेलो. कपडे बदलायच्या खोलीत इन्स्पेक्टर उभा होता, मागे केरी. पट्टा मागितला, पिस्तूल मागितलं. हृषीकेश नावाचा एक नवा कॉन्स्टेबल आहे, आपल्याच लोकांतला, त्याला पट्टा कसा बांधायचा ते मी शिकवलं होतं. तो तिथेच होता. त्याने मान खाली घातली. मला माझ्या गाडीने घरी जाऊ दिलं नाही. दुसऱ्याच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसवून आधी डॉक्टरकडे आणि मग घरी सोडलं. आयुष्यभर मी लोकांना असं नेलं.

ऑगस्टपर्यंत थांबायचं होतं. एवढंच मागितलं होतं मी.

विनीताने सांगितलं की तुमच्या सांगण्यावरून केलं. मी तिच्याशी बोलत नाही. तुम्हीही मला लिहू नये.

दाजींना नमस्कार.

चंद्रहास


कराड
२९ मे २०२५

चि. चंदू यास,
तू कितीही अहोजाहो केलंस तरी अ. उ. आ.

लिहू नको म्हणालास. मी लिहिणार.

तुझा अपमान झाला हे मला कळतं. हेही ऐकून उठून आत गेले. मग बाहेर येऊन म्हणाले की निदान खोलीचं दार लावून मागायला हवं होतं. तेवढं मात्र त्यांचं चुकलं, असं हेही म्हणतात आणि मीही म्हणते. तुझ्या केरीला सांग, कराडहून तक्रार आली आहे.

पण एक गोष्ट. ऑगस्टपर्यंत थांबायचं होतं, असं तू लिहिलंस. मी तुझी या वर्षातली सगळी पत्रं काढून बसले. ऑगस्टचं सगळ्यांत आहे. सप्टेंबरात काय करणार, ते एकातही नाही. निवृत्त होणारा माणूस काहीतरी ठरवतो. काशीला जाणार म्हणतो, बाग करणार म्हणतो, नाहीतर बायकोच्या मागे लागून तिला हैराण करणार म्हणतो. हे म्हणायचे की कोंबड्या पाळणार. पाळल्या नाहीत, पण म्हणायचे. तू काहीच म्हणाला नाहीस.

मला उत्तर नको. तुझ्या उत्तराने माझी झोप जाईल, आणि या वयात ती परत येत नाही. उत्तर त्या डॉक्टरला दे. विनीताला दे. स्वरदाला आत्ता नको, पण कधीतरी दे.

माझ्याशी हवं तितकं भांड, जन्मभर भांड. त्यासाठी जन्मभर राहायला लागेल, तेवढं कर.

तुझी,
विमलताई


स्कोफिल्ड्स
१३ जुलै २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

दीड महिना लिहिलं नाही. कागद रोज काढायचो. थंडी कडक पडलीय, हीटर लावून बसलोय. विनीता शेजारी भाजी निवडतेय. आम्ही बोलतो आता. सुरुवात मिठाने झाली. आमटीत मीठ कमी होतं, ते मला मागायला लागलं.

सप्टेंबरचं उत्तर डॉक्टरीणबाईंना दिलं. विनीता बाहेर बसली होती, तिला आत बोलावून तिच्यासमोर परत दिलं. तुला लिहीत नाही. तुला ते न सांगताच कळलं होतं.

विक्रांतच्या बायकोला सांग, तिच्या चहाचा राग नव्हता. मी का निघालो ते तुला आज सांगतो.

मी दार वाजवतो. कुणीतरी उघडतं. आधी युनिफॉर्म दिसतो आणि चेहरा उतरतो. मग छातीवरचं नाव दिसतं, आणि ताई, तो चेहरा खुलतो. अरे, आपलेच की! या ना, आत या! साधा गोरा पोलीस आला असता तर दारातच त्यांना कळलं असतं. मी आपला माणूस, मी वाईट बातमी घेऊन येईन असं त्यांच्या मनातच येत नाही. गणपतीच्या मांडवाच्या परवानगीचं काही असेल, शेजाऱ्याने आवाजाची तक्रार केली असेल. मी तोंड उघडेपर्यंत आतून पाणी येतं. गाव विचारतात. एका घरात मुलाची आजी पोह्यांची बशी घेऊन आली. मी सांगेपर्यंत तिने लिंबूसुद्धा पिळलं होतं.

आमचा नियम आहे, बसायचं नाही, काही घ्यायचं नाही, आधी सांगायचं. इंग्रजी घरात ते जमतं. आपल्या घरात पाणी नाकारलं की माणसं आग्रह करतात. ग्लास हातात घेतला की सांगणं लांबतं, आणि तेवढा वेळ ती हसत असतात. म्हणून मी ग्लासाकडे न बघता नाही म्हणायला शिकलो. पुढे कुणाच्याही घरी पाणी समोर आलं की माझी जीभ आपोआप ते वाक्य जुळवायला लागली. विक्रांतच्या दारात मी तेवढ्यासाठी पळालो.

आजारी म्हणून सोडल्याचा कागद आला. युनियनच्या वकिलाने सगळं नीट केलं, केरी स्वतः घरी येऊन देऊन गेली. कराडची तक्रार तिला सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, तक्रार बरोबर आहे, त्या दिवशी दार लावायला हवं होतं. युनियनच्या मासिकाच्या पुढच्या अंकात निवृत्तांत माझा फोटो येणार नाही. आजारी होऊन जाणाऱ्यांची नावं तिथे येत नाहीत. केरी त्यावरून भांडतेय.

लताबाई अजून सत्काराचं म्हणतात. त्यांना सांगितलं, त्या हॉलमध्ये मी स्टेजवर गेलो तर तिसऱ्या रांगेत अंजू बसलेली असेल. तिच्या नवऱ्याचं मीच सांगितलं होतं. ती भली बाई आहे, टाळ्यासुद्धा वाजवेल. पण मला बघून तिला तो दिवस दिसतो, तिने काय म्हणून ते बघावं. 

रात्री झोप अजून नाही. गोळ्या आहेत. बरं वाटतंय असं लिहिलं तर खोटं होईल, म्हणून लिहीत नाही.

दाजींना म्हणावं, कोंबड्यांचं अजून बघा. तुझं माझं भांडण चालूच आहे, हे धरून चाल.

तुझा,
चंदू


स्कोफिल्ड्स
७ सप्टेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सप्टेंबर लागला. हे तुला मुद्दाम लिहितोय.

इथे आज बापांचा दिवस. स्वरदाने सकाळी अंडी केली, करपवली, मी खाल्ली. मग ती माझ्याजवळ बसून राहिली. फोनसुद्धा बघितला नाही.

गुरुवारी घडलं ते लिहायचं आहे. सकाळी साडेनऊच्या सुमाराला हृषीकेशचा फोन आला. तोच, मान खाली घालणारा. केलीव्हिलमधलं एक घर. अपूर्व नावाचा मुलगा कामावर जाताना मोटरवेवर अपघातात जागीच गेला. बायको बाळंतपणाला माहेरी नाशिकला. घरात त्याचे आईवडील, दोनच आठवड्यांपूर्वी मुलाचं नवं घर बघायला आलेले. इंग्रजी येत नाही. फोनवरचा दुभाष्या मिळायला वेळ लागणार होता, आणि तोवर ती बातमी कुणाच्या तरी व्हॉट्सॅपवरून त्यांच्यापर्यंत पोचली असती. हृषीकेश म्हणाला, त्याला माहीत आहे की विचारायला नको. त्याच्या सार्जंटला न सांगताच त्याने फोन केला होता. मी नुसतं त्याच्या शेजारी उभं राहावं, बोलेल तोच.

मी विचारलं, दार कोण उघडेल. का विचारलं कुणास ठाऊक. विनीता ओट्यापाशी उभी होती, तिने हातातली कणीक तशीच ठेवली.  तिने अडवलं असतं तर मी गेलो असतो.

मी नाही म्हटलं.

 तो हळूच म्हणाला, त्याला मराठीतून कसं सांगायचं तेच माहीत नाही. तो इथे वाढलेला, आईशी जेवणाखाण्यापुरतं बोलणारा मुलगा. मी त्याला वाक्य सांगितलं. काका, अपूर्व आज सकाळी गाडीच्या अपघातात वारला. एवढंच, आधी हे, बाकी सगळं नंतर. तो ते फोनवर परत परत म्हणत राहिला आणि मी चुका सुधारत राहिलो. माझं शुद्धलेखन तपासतेस तसं. पाणी घेऊ नकोस म्हणून सांगितलं. काकूंच्या जवळ उभा राहा, त्यांना बसवायला खुर्ची कुठे आहे ते आधी बघून ठेव, हेही सांगितलं. मग त्याने फोन ठेवला.

नंतर मी चपला घातल्या. विनीताने कणकेचे हात तसेच पुसले आणि माझ्याआधी गाडीत जाऊन बसली. गाडी तिने मला चालवू दिली. कोपऱ्यावर थांबलो. नवी घरं, सगळी एकसारखी, पण कुठलं ते लगेच कळलं. पोलिसांची गाडी उभी होती आणि दार बंद होतं. म्हणजे सांगून झालं होतं. आतून काही ऐकू येत नव्हतं. बरोबरची कॉन्स्टेबल मुलगी आत असावी, हृषीकेश एकटा गाडीत बसला होता. स्टीअरिंगवर दोन्ही हात, गाडी बंद.

मी घराकडे गेलो नाही, ताई. त्याच्या गाडीचं दुसरं दार उघडून आत बसलो.  बऱ्याच वेळाने तो म्हणाला की वाक्य बरोबर म्हटलं. मी म्हटलं, हो, बरोबरच म्हटलं असशील.

मला तेव्हा दिसलं की आता याचा नंबर सगळ्या स्टेशनांवर जाणार. आज त्याने एक वाक्य मराठीत म्हटलं, उद्यापासून ते त्याचं काम. मी त्याला म्हटलं की शिफ्ट संपली की आधी केरीकडे जा, झालं ते सगळं सांग, आणि पुढच्या वेळी एकट्याने जाणार नाही म्हणून लिहून दे. तो म्हणाला, नो वरीज सार्ज, मी ठीक आहे.

हे मी प्रत्येक वेळी म्हणालो होतो. अगदी याच आवाजात.

मी त्याला म्हटलं, फोन दे. त्याने दिला, वाटलं असेल मला विनीताला काही सांगायचंय. मी त्याच्यासमोर केरीला लावला आणि त्याचं नाव सांगितलं. तो मध्येच फोन ओढायला आला. त्याला वाटतंय, मी त्याची नोकरी सुरू व्हायच्या आधी खराब केली. मी उतरलो तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं नाही. कालपासून दोनदा फोन केला, उचलत नाही.

रागावू दे. मी उद्या परत करेन.

दाजींना नमस्कार. विनीता तुझी आठवण काढते. आहेस तशी खमकी राहा, आणि पत्र पाठव.

तुझा,
चंदू